देखरेख समितीच्या तळघरातलं मांस

स्तानिकाच्या जिवाची तगमग सुरू झाली ती मांसाच्या ट्रकपासून.

मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात नोव्हेंबर लागला की टपालवाल्यांची युनियन सभासदांना अर्धं अर्धं डुक्कर मिळवून देते. पैसे हप्त्याहप्त्याने पगारातून कापतात. पोस्टाच्या मागच्या अंगणात ट्रक लागतो, पार्सल तोलायचा काटा बाहेर निघतो आणि एरवी तिकिटं विकणारी माणसं बाह्या सारून मांस उचलतात. काट्यावर स्तानिका. पार्सलची खिडकी तिची, म्हणून काटाही तिचाच. शिवाय ती युनियनच्या देखरेख समितीची प्रमुख. अध्यक्ष पैसा कुठे घालतो त्यावर नजर ठेवायची ही समिती! नजर कसली डोंबलाची. दर वर्षी सभेआधी समितीला खाणावळीत बोलावतात, सूप यायच्या आत कागद पुढे सरकवतात, कुणीतरी म्हणतं, "करा सह्या, सूप निवतंय," की झाल्या सह्या.

यंदा शेवटचं मांस काट्यावरून उतरलं आणि ट्रकवाला ओबराद आतून ओरडला, "ही दोन फुकटातली राहिली! नेहमीसारखंच ना? एक ल्युबिशाकडे, एक तुमच्या घरी?"

"फुकटातली? कसली फुकटातली?"

"वीस घेतली की एक वर. खाटीक देतो की युनियनला दर वर्षी. अहो, तुम्हीच तर खाताय आणि मलाच विचारताय!" ओबराद खो खो हसला.

ल्युबिशा म्हणजे युनियनचा अध्यक्ष. आणि ल्युबिशा म्हणजे स्तानिकाचा कुम; तो तिला कुमा म्हणायचा. तिच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता, तिच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातावर घेतलं होतं. आमच्याकडे वर देव आणि खाली कुम. लोक सख्ख्या भावाला कोर्टात खेचतील, कुमाला नाही. दर वर्षी घरच्या संताचा सण आला की तो अर्धं डुक्कर पाठवायचा. कुमाची भेट म्हणून स्तानिकाने ते मिठात मुरवलं, धुरावर टांगलं, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. आणि ते होतं युनियनचं!

बरं, तेवढ्यावर भागतं तर ती गिळून गप्प बसली असती. पण टपाल छाटणारी नेवेंका तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. नेवेंकाचा नवरा उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला. तिने युनियनच्या मदतनिधीकडे हात पसरला तेव्हा "निधीत खडखडाट आहे गं" हे सांगायला कोण गेलं होतं? स्तानिकाच. यंदा हप्ता परवडत नाही म्हणून नेवेंकाने मांससुद्धा घेतलं नव्हतं.

"मांसावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?" तिचा नवरा तिहोमीर म्हणाला. "आळीमिळी गुपचिळी. तू तोंड उघडलंस की पहिलं नाव तुझंच निघेल."

"तेच तर खातंय ना मला! दुसऱ्याचं असतं तर एव्हाना गावभर केलं असतं मी."

तिला बसवेना. घासलेली शेगडी तिने पुन्हा घासली. कॉफी ठेवली ती उतू गेली. पोस्टात खिडकीशी कुणाचं पार्सल कुणाच्या पत्त्यावर लावलं आणि वर त्या माणसावरच डाफरली.

रविवारी ल्युबिशा स्वतःच आला, खांद्यावर अर्धं डुक्कर घेऊन. तिहोमीरने लगबगीने ते तळघरात नेलंसुद्धा.

"कुमा, त्या ओबरादच्या तोंडाला कुलूप नाही. मनावर घेऊ नकोस तू," ल्युबिशा म्हणाला.

"कुम, ते युनियनचं आहे. परत ने."

"युनियन म्हणजे कोण गं? खाटकाशी घासाघीस मी करायची, लोकांच्या शिव्या मी खायच्या. आणि मांस काय मी एकट्याने खाल्लं?" त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने. शुक्रवारी सूपाला ये."

वाईट असता तर सोपं होतं हो! पण तिहोमीरच्या ऑपरेशनला भर हिमात गाडी काढून निशच्या हॉस्पिटलात नेणारा हाच होता. दवाखान्याच्या बाकावर रात्रभर तिच्याशेजारी बसलेलाही हाच.

शुक्रवारी ती खाणावळीकडे फिरकलीच नाही. सभेला मात्र गेली. टपाल छाटायच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले होते, शेजारी पातेल्यात रस्सा शिजत होता आणि प्रत्येकाला घाई होती.

"समितीचा अहवाल मंजूर म्हणायचा ना?" ल्युबिशाने विचारलं.

"मी सही केलेली नाही," स्तानिका उठून म्हणाली.

"अगं बस की खाली! भुका लागल्यात!" मागून कुणीतरी खेकसलं.

"खाटीक आपल्याला दर वर्षी दोन अर्धी फुकट देतो. ती युनियनची. एक अध्यक्षांनी नेलं." आता थांबलं तर कायमचं थांबलं, हे तिला कळत होतं. "आणि दुसरं देखरेख समितीच्या प्रमुखाने खाल्लं. म्हणजे मी. विचारायचं काम माझं होतं, मी कधी विचारलं नाही. दोन्हींची किंमत निधीत भरली पाहिजे. माझी मी भरते."

पातेल्याकडे कुणी बघेना. भिंतीशी बसलेली नेवेंका हळूच म्हणाली, "मला खडखडाट आहे म्हणून सांगायला आलीस, तेव्हा ते तुझ्या तळघरात होतं?"

"मागच्या वर्षीचं होतं गं. धुरावलेलं."

नेवेंकाने मान फिरवली. स्तानिकाला वाटलं, तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

ल्युबिशा टेबलामागून उठला. कोरा कागद आणि पेन घेऊन तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अख्ख्या आयुष्यात त्याने तिला एकाच नावाने हाक मारली होती, कुमा.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं म्हणणं लेखी द्या. आणि खाली सही करा."

स्तानिकाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कागद गुडघ्यावर घेतला आणि रडत रडत लिहायला लागली.