माघारी आणलेलं प्रस्थान

गिरजाबाईची सकाळ सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधण्यात जायची. कारंज्याच्या शिवेला लागून त्यांची वाडी होती आणि वाडीच्या तोंडाशीच घर. उजाडायच्या आत खुडलेली वांगी, भेंडी, गवार ओसरीत ढीग घालून पडलेली असायची. त्यातून बाजाराचं टोपलं वेगळं आणि सुंदरबाई शेठाणीचं वेगळं. शेठाणीच्या टोपल्यात कांदा नाही, मुळा नाही, मातीखाली वाढलेलं काहीच नाही. जैनाच्या घरचा हा रिवाज गिरजाबाईला स्वतःच्या सासरच्या रीतीसारखा पाठ झाला होता.

सून अंजना चुलीपुढे भाकरी थापत होती. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, त्यामुळे परातीपर्यंत वाकताना तिला दम लागायचा. तीन वर्षांची कौतिका तिच्या पाठीला लोंबकळून "मले बी पीठ, मले बी पीठ" करत होती. मुलगा जगदेव विहिरीवर मोट धरून होता. त्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, विहीर खोल गेलेली.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दार तर सताड उघडं होतं. गिरजाबाईनं मान वर केली. शेठाणीच्या दुकानातला मुनीम फुलचंद उंबऱ्याबाहेर उभा होता, तोंडाला उपरण्याचा पदर लावून.

"काहून कडी वाजवून राह्यले, मुनीमजी? दार का बंद हाय?"

"आत नाई येत मी. बाईंनं सांगावा धाडला. दुपारी दोघंबी या म्हणते. आगबोटीचं काही खरं दिसत नाई."

अंजनाची भाकर तव्यावर करपली, तरी कोणी हललं नाही.

आगबोट हा शब्द त्या घरात गेलं वर्षभर रोज उच्चारला जात होता. गिरजाबाईचा नवरा दौलतराव, साठी उलटलेला माळी. उभ्या आयुष्यात तो मूर्तिजापूरच्या पलीकडे गेला नव्हता. तरुणपणी वाडीत पाणी प्यायला थांबलेल्या एका बैराग्यानं त्याला द्वारकेची वाट सांगितली होती: मुंबईहून आगबोट, चहूकडे पाणी, जमीन दिसायची नाही, आणि मग एकदम देवळाचा झेंडा. तो झेंडा दौलतरावच्या डोक्यात जो फडकायला लागला तो थांबलाच नाही. जगदेव हाताशी आला, वाडी सांभाळू लागला, तेव्हा म्हातारबुवांनी जाहीर केलं, यंदा दसरा झाला की निघायचं. शेठाणीलाही गिरनारला जायचं होतं. वेरावळपर्यंत बोट एकच. रिठदचे उत्तमराव पाटील तिसरे. तिन्ही घरची म्हातारी माणसं, सोबत ठरली.

मुहूर्त दसऱ्यानंतरचा निघाला, पण मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीनं निघायचा दिवस त्याच्या पुढे चार-आठ दिवसांनी येत होता. म्हणून रिवाजाप्रमाणे प्रस्थान ठेवलं: पिवळ्या फडक्यात नारळ, सुपारी, हळकुंड आणि दौलतरावचं एक उपरणं. ती गाठोडी मुहूर्तावर घरातून निघाली आणि स्टेशनाकडच्या वाटेवर असलेल्या शेठाणीच्या घरी कोनाड्यात जाऊन बसली. प्रस्थान निघालं म्हणजे माणूस निघाला. देह मागाहून गेला तरी चालतो. मात्र निघालेलं प्रस्थान जायच्या आधी पुन्हा घरात आणायचं नाही. आणलं तर जाणं मोडलं, आणि घरात मरण येतं, असं सगळे म्हणत.

दुपारी शेठाणीच्या ओसरीवर बैठक बसली. सुंदरबाई भिंतीला टेकून, उत्तमराव पाटील तक्क्याला, आणि दौलतराव खांबापाशी पायरीच्या वर, म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी चढून बसलेला. यात्रेकरू झाल्यापासून तो तिथं बसायला लागला होता. गिरजाबाई खाली.

"कापसाचा दलाल आला मुंबईहून," शेठाणी म्हणाली. "तिथं सरणाले लाकूड भेटत नाई म्हणते. सकाळी ताप, संध्याकाळी मान टाकली. मानमोडी म्हणून राह्यले लोक. मी तं नाई जात बापा. गिरनार का पळून चालला?"

"मानमोडी!" पाटलांनी स्वतःची मान चोळली. ती बैलासारखी जाड होती. "इले मोडाले पैलवान पाह्यजे. मी जातो."

"गिरनार नाई पळत, बाई," दौलतराव म्हणाला, "मी पळून चाललो. यंदा नाई गेलो तं मंग खांद्यावरच जाईन."

"पण वापस तं याचं हाय ना?" गिरजाबाईनं विचारलं. "येताना काय आणसान घरी? अंजना दोन जिवाची हाय. लेकरू हाय अंगणात."

"देवाच्या दारातून कोणी रोग आणते का, वेडे?"

"देवाच्या दाराआंधी मुंबईचं दार हाय."

पाटील खो खो हसले. "दौलतराव, तुमची कारभारीण वकील झाली!" दौलतराव हसला नाही. चारचौघांत बायको बोलली आणि बरोबर बोलली, हे दोन्ही त्याला लागलं होतं.

"प्रस्थान ठेवलं," तो म्हणाला. "मी निघालेला माणूस हाय. आता माघार नाई." आणि विषय संपला.

गिरजाबाई घरी आली. पाणी शेंदलं, दळण केलं, सुनेचे पाय चेपले. अंजना म्हणाली, "आत्याबाई, मामंजींले जाऊ द्या. किती दिसाचं मनात हाय त्याईच्या." त्या पोरीला काय कळत होतं! गिरजाबाईनं आपल्या नवऱ्याला चाळीस वर्षं पाहिलं होतं. त्याला समजावून उपयोग नव्हता, भांडून नव्हता, रडून तर मुळीच नव्हता. तो एकाच गोष्टीपुढे वाकायचा, ती म्हणजे रीत. आणि रीत सांगत होती की प्रस्थान घरात परतलं तर निघता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी शेठाणीकडे भाजी घेऊन गेली. भाजी ओतली, टोपलं झटकलं, आणि कोनाड्यातली पिवळी गाठोडी काढून टोपल्यात ठेवली. सुंदरबाई नुकतीच मंदिरातून आली होती. तिनं पाहिलं आणि दारातच थबकली.

"गिरजे! काय करून राह्यली?"

"घरी नेतो."

"खुळी का काय? न्याचंच असंल तं नदीत सोड. देवळात ठेव. घरात नको नेऊ."

"देवळात ठेवलं तं ते तिथून उचलून जातीन, बाई. नदीत सोडलं तं दुसरं बांधतीन. घरात आणलं तरच थांबतीन."

"अन् काही इपरीत झालं तं?"

 गिरजाबाई काही रीत न मानणारी बाई नव्हती. मांजर आडवं गेलं तर तीही थांबायची. पण एका बाजूला कधीतरी येईल न येईल असं मरण होतं, आणि दुसऱ्या बाजूला मुंबईतलं, दलालानं डोळ्यांनी पाहिलेलं. तिनं टोपलं डोक्यावर घेतलं.

दौलतराव अंगणात बाभळीची काडी चावत उभा होता. बायको दिवसाउजेडी, उघड्या अंगणातून आली, उंबरा ओलांडून आत गेली आणि गाठोडी देवाच्या फळीवर ठेवली. बाहेर येऊन म्हणाली, "आणलं. आता तुमाले जाता येत नाई."

काडी त्याच्या तोंडातच राहिली. जगदेव मोट सोडून धावत आला. त्याला वाटलं, बाप आता आईवर हात टाकतो. पण तसलं काही झालं नाही. म्हातारा हळूच खाली बसला, जसा ओझ्याचा बैल बसतो, आणि म्हणाला, "आता जे होईन ते तुह्या हातचं."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव पाटील एकटेच गेले. छोट्या गाडीची शिट्टी वाडीपर्यंत ऐकू आली. दौलतराव त्या वेळी वांग्याच्या वाफ्यात पाठ करून उभा होता.

दिवाळी तोंडावर आली. अंजनाला माहेरी न्यायला शेलूबाजारहून तिचा भाऊ मुराळी म्हणून आला. पोरगा गोरागोमटा, बहिणीसाठी बांगड्या घेऊन आलेला. वाटेत दोन गावं मुक्काम करत आला होता. आला तेव्हाच डोळे लाल होते. "धूळ गेली, आत्याबाई," म्हणाला. रात्री खोकला. सकाळी अंजनानं स्वतः त्याला काढा करून दिला, कपाळाला सुंठ लावली. या अवस्थेत तिला गाडीत बसवणं नको असं ठरलं, आणि भाऊ तसाच एकटा परत गेला.

तो पुन्हा कोणाला दिसला नाही. घरी पोचला आणि गेला. त्याची खबर इकडे आली तोवर अंजनाला ताप भरला होता. मानमोडी म्हणतात ते खरंच होतं. मान धरवत नव्हती तिला. पोटातलं आधी गेलं, मग ती गेली. गावात रोज इतकी मढी निघत होती की माळीवाड्यातून खांदा द्यायला माणसं जमेनात. जगदेवनं आणि दौलतरावनं मिळूनच तिला नेलं. म्हातारा-म्हातारीला साधा ताप येऊन गेला. तरण्यांना उचललं आणि पिकली पानं तशीच लटकत राहिली.

त्यानंतर महिन्याभरात उत्तमराव पाटील परत आले. दंडावर द्वारकेचे छाप, अंगावर नवं धोतर, पोट जरा वाढलेलंच. "बोटीत निम्मी जागा रिकामी," त्यांनी सांगितलं, "पाय पसरून गेलो बापा!" गोपीचंदन वाटत ते दौलतरावकडे आले. घरात शिरल्यावर त्यांना अंजनाचं कळलं.  मग दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले, "प्रस्थान वापस आणायले नोतं पाह्यजे."

बस, तेवढंच. आणि दौलतरावला बोलायची वाट सापडली.

जो कोणी भेटायला येई, त्याला तो सांगायचा. सोयऱ्यांना, बाजारातल्या गिऱ्हाइकांना, विहिरीवर पाणी मागणाऱ्या वाटसरूला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. शांतपणे, विडी विझवून, "आमच्या घरातूनच झालं ते. प्रस्थान ठेवलं होतं बाहेर. हिनं उचलून घरात आणलं," आणि मान गिरजाबाईकडे करायची. लोक तिच्याकडे बघायचे. काही बाया तिच्या हातची ओटी घेईनाशा झाल्या. लग्नघरी ती गेली की नवरीला आत बोलवायचे.

गिरजाबाईनं कधी तोंड उघडलं नाही. मुराळी कसा खोकत होता ते तिनं पाहिलं होतं. काढ्याचा पेला तिनंच घासला होता. एका वाक्यात सगळं झटकता आलं असतं. पण ते वाक्य उडून शेलूबाजारला गेलं असतं, तिथल्या एका माउलीच्या दारात, जिचा लेक आणि जिची लेक दोघंही एका दिवाळीत गेली होती. म्हणजे आपल्या पोरानं आपली पोर मारली असं त्या बाईला ऐकवायचं. गिरजाबाईला ते जमलं नाही. शिवाय मनाच्या तळाशी, कोणाला सांगता येणार नाही अशा जागी, तिलाही कधी कधी वाटायचंच: नसतं आणलं तर?

दोन वर्षांनी साथ पार विसरली गेली तेव्हा सुंदरबाई गिरनारला निघाली. तिनं आठवणीनं फुलचंदला पाठवलं, दौलतरावनं यावं, आता बोटीला भीती नाही. दौलतराव म्हणाला, "माहं जाणं मोडलं." मुनीम म्हणाला, "नवीन मुहूर्त काढू." म्हातारा नाही म्हणाला. गिरजाबाई दाराआड ऐकत होती. त्या वेळी तिला एक कळलं आणि ते कळणं तिला सगळ्यात कडू लागलं. त्याला आता द्वारका नको होती. ही गोष्ट हवी होती. द्वारकेला जाऊन आला असता तर सांगायला काय उरलं असतं?

जगदेवनं दुसरं लग्न केलं नाही. तो वाडीतल्या खोपटात राहायचा, आईशी पाण्यापुरतं बोलायचा. कौतिका मात्र आजीच्या पदराला धरून वाढली. आजीबरोबर बाजारात बसायची, सांबार कोवळं की जून ते वासावरून सांगायची, गिऱ्हाइकाला "आजीचं सांबार हाय, वास घेऊन पाहा" म्हणून दटावायची. सहा-सात वर्षांची झाली. आईचं विचारलं की आजी सांगायची, साथीत गेली. 

एक दिवस पपईच्या बागेचा सौदा करायला लालसिंग नावाचा व्यापारी आला. ओसरीवर बसला. कौतिकानं पाण्याचा लोटा आणून ठेवला. "कोणाची व पोट्टी?" त्यानं विचारलं.

दौलतरावनं विडी विझवली. "जगदेवची. माय नाई इले. आता कशी मेली ते का सांगू तुमाले..."

"कौतिका!" गिरजाबाई आतून ओरडली. "वाडीत जाय, बापाले बोलाव. पळ." पोरगी पळाली. म्हाताऱ्यानं पुढचं व्यापाऱ्याला सांगितलं, नेहमीसारखं, आणि लालसिंगनं नेहमीसारखंच गिरजाबाईकडे पाहिलं. तिनं ते पाहणं अंगावर घेतलं.

सौदा झाला. व्यापारी गेला. गिरजाबाई बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत या गोष्टीवर ती पहिल्यांदाच बोलणार होती, म्हणून त्यानं मान वर केली. बहुतेक भांडणाची तयारी करूनच.

"साऱ्या गावाले सांगा," ती म्हणाली. "बाजारात सांगा, सोयऱ्याईले सांगा. मी कधी ना नाई म्हटलं, पुढंबी म्हणत नाई. फकस्त कौतिकाले सांगू नका."