भीतीचा फोटो

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे, कारण पीएच.डी. करणाऱ्यांत चाळिशी उलटलेली ती एकटीच. मुलं मार्गी लागली तशी ती पुन्हा शिकायला लागली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. नवऱ्याचा चुलतभाऊ तर भरल्या घरात म्हणाला, "वहिनी आता या वयात उंदरांचे मेंदू कापणार?" मावशी गप्प बसली. सासूबाई कुठल्या बसतायत! "तुझाच घेतला असता रे कापायला," त्या म्हणाल्या, "पण सापडायला नको?"

मावशीचं काम असं. मेंदूतल्या पेशींच्या भिंती बऱ्याच अंशी चरबीच्या असतात. त्या चरबीच्या कच्च्या मालाला किरणोत्सारी खूण लावायची आणि तो उंदराच्या शिरेत टोचायचा. मग त्याला भूल देऊन संपवायचं. हे काम मावशी कधी दुसऱ्यावर ढकलत नसे आणि त्या दिवशी तिला घास गिळवत नसे. मेंदूचे पातळ काप फिल्मवर ठेवायचे आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. माल जिथे पोचला असेल तिथे फिल्म काळी पडते. अर्धे उंदीर निवांत ठेवलेले, अर्धे अरुंद नळीत अडकवून घाबरवलेले. भेदरलेल्या मेंदूत माल वेगळा पसरतो का, एवढाच प्रश्न होता.

पण दोन्हीकडे फिल्म सारखीच येई, आत खोलवर काळे डाग. पहिल्यांदा आली, पुन्हा केलं तरी तशीच आली.

"ही शेवटची खेप," सर म्हणाले. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, मनाने चांगले, पण घड्याळाला बांधलेले. "यातही फरक दिसला नाही तर विषय बंद करू. फरक नाही, हेही उत्तरच असतं."

"ते मान्य, सर. पण निवांत उंदराच्या मेंदूतही इतके काळे डाग का?"

सर घड्याळ बघत उठले. विषय बंद म्हणजे पदवी गेली, आणि या वयात दुसरा विषय कोण देतो?

त्याच आठवड्यात सासूबाईंची दाढ काढायची होती. घरून निघताना स्वारी खुशीत होती. दातांच्या डॉक्टरांकडे त्यांच्या आधी एक धिप्पाड गृहस्थ आत गेला आणि गाल धरून कण्हत बाहेर आला. सासूबाई आत गेल्या, खुर्चीत टेकल्या आणि ताडकन उठल्या. "राहू दे ती दाढ. घरी चल."

"आई, अहो, घरून तर वाघासारख्या निघालात!"

"वाघच होते गं! पण त्या खुर्चीचे हात त्याच्या घामाने ओले आहेत. हात लागला मात्र, माझी पाचावर धारण बसली."

मावशी जागच्या जागी खिळली. लहानपणापासून तिला एकच वळण होतं: अवघड काम आधी उरकायचं. भांडी घासायची तर करपलेलं पातेलं आधी. प्रयोगशाळेतही आधी नळीतले घाबरलेले उंदीर आणि मग, सुटले बाई म्हणत, त्याच टेबलावर, तेच हातमोजे घालून, निवांत उंदीर. निवांत कसले! बिचारे दुसऱ्याच्या भीतीच्या वासात बसत होते. ज्या शिस्तीचं सगळे कौतुक करत, तिनेच घात केला होता.

"आई, तुमच्या पाया पडू का?"

"आधी ती खुर्ची पूस, मेले!" सासूबाई म्हणाल्या. खुर्ची पुसली आणि दाढ निघाली.

शेवटच्या खेपेला मावशीने सगळं उलटं केलं. निवांत उंदीर आधी, वेगळ्या खोलीत, धुतलेल्या टेबलावर, प्रत्येकाला नवे हातमोजे. "मावशी, मालिशही करा त्यांना!" बरोबरच्या मुली हसल्या. मावशीही हसली, पण फिल्म तयार होईपर्यंत तिच्या जिवाला चैन नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म द्रावणातून वर आली. निवांत मेंदू फिक्या राखेसारखा. घाबरलेलाही तसाच फिका, पण आत, खोलवर, दोन्ही बाजूंना काळेभोर डाग. पुढचा काप, त्याच्या पुढचा, सगळ्यांत तेच. मावशी अशी ओरडली की सर चष्मा न घालताच धावत आले.

सर पक्के. फिल्मवर कोणता उंदीर हे लिहिलेलं त्यांनी चिकटपट्टीने झाकलं, सगळ्या फिल्म पिसल्या आणि एका मुलीला घाबरलेले वेगळे काढायला सांगितले. तिने भराभर काढले. पट्ट्या सोलल्या तर एकही चुकला नव्हता.

"बंद करायचा ना विषय, सर?" मावशीने विचारलं.

"टोमणे नंतर मारा," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तिच्यासाठी खुर्ची ओढली. "आधी लिहायला बसा."

मावशी त्या फिल्मचा फोटो घेऊन घरी आली ती जवळजवळ पळतच. सासूबाईंनी फोटो खिडकीशी धरला. "म्हणजे भीती इथे बसते होय?"

"तसं नाही हो आई. घाबरल्यावर मेंदू तो कच्चा माल कुठे जास्त ओढून घेतो, ते दिसतंय. आणि हे तुमच्या दाढेमुळे कळलं."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि थेट फोन उचलला. "कोण, तूच का? अरे, वहिनीने कापले हं उंदरांचे मेंदू. जे शोधत होती ते सापडलं. हो, तिच्या नावावर छापून येणार. आता तुझा सापडला की कळव, तिला वेळ आहे."