हळदीनं बसलेले कान

सांगलीत राहून हळदीची अ‍ॅलर्जी असणं हा गुन्हा नाही. फक्त ते कुणाला सांगायचं नसतं. त्यातून तुमच्या वडिलांची हळदीची अडत असेल, तर स्वतःलासुद्धा सांगायचं नसतं!

माझं लग्न वीस दिवसांवर आलं होतं आणि हळदीचा हंगाम सुरू झाल्यापासून, म्हणजे लग्न ठरायच्याही आधीपासून, माझे दोन्ही कान बसले होते. समोरचा माणूस घोंगड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. माझा स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमायचा. शेवटी आबा (म्हणजे माझे वडील) मला विश्रामबागेत एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी माझ्या कानात बॅटरी मारून बघितलं आणि मला ऐकू यावं म्हणून घसा ताणून सांगितलं, "पडद्यामागं पाणी साठलंय! अ‍ॅलर्जीनं नाक आतून सुजलंय, कानाला हवा पोचवणारी नळी बंद पडलीय! नाकात फवारा मारा, धूळ टाळा, हळूहळू ओसरेल!"

"धूळ कसली?" आबांनी विचारलं.

"हे दिवसभर बसतात कुठं?"

"माझ्याच गोदामात. हळदीला पॉलिश चालतं तिथं."

डॉक्टर नुसते आबांच्या सदऱ्याकडं बघत राहिले. तो पिवळा होता. (घेताना पांढरा घेतला होता.)

जिन्यातच आबांनी माझ्या कानाला तोंड लावलं. "कुठं बोलू नगंस! यार्डात कळलं तर लोक म्हणतील, घरच्याच पोराला सोसंना, ह्यांच्या मालात हाय तरी काय! आन् पाव्हण्यांना कळलं तर नवरदेव भैरा म्हणून लगीन मोडंल!"

लग्न मोडायचं नाव निघताच मी तोंडाला कुलूप घातलं. एक तर वैशाली मला लय म्हणजे लयच आवडली होती. आणि तेहतीस वर्षांच्या हळदवाल्याला पोरगी मिळणं काय असतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही तेहतीस वर्षांच्या माणसाला विचारा!

लग्नाच्या आठ दिवस आधी आटपाडीहून आत्या आली. गुपित तिलाच तेवढं सांगितलं.

"कानात पाणी झालंय न्हवं? मग त्यात काय! वतून काढू की!" असं म्हणून तिनं मला मान वाकडी करून अंगणात एका पायावर उड्या मारायला लावल्या. पाणी काही आलं नाही, शेजारचे तेवढे गच्चीवर आले. मग ती तेल कोमट करून घेऊन आली.

"आत्या, डॉक्टरांनी तेल घालू नका म्हणून सांगितलंय! पाणी पडद्याच्या आत, तेल बाहेर. दोघांची गाठ पडायची कशी?"

"बरं, ऱ्हायलं. पर सर्दीला हळदीगत औषध न्हाई बघ!"

आणि तिनं निखाऱ्यावर हळद टाकून मला धुरी दिली! मी ओळीनं सतरा शिंका दिल्या. "बघ, कसं मोकळं हुतंय!" म्हणून आत्या खूश झाली आणि तिनं आणखी एक मूठ टाकली. पुढं हळदीच्या दिवशी चुलतभावांनी माझ्यावर कोरडी हळद उधळली, ती घरच्या मालातली उत्तमातली! त्यानंतर मला बँडवाले नुसतेच गाल फुगवताना दिसू लागले.

आत्यानं तोड काढली. "मी तुज्या मागं हुबी ऱ्हाते. एक ढुसणी दिली की मान 'व्हय' म्हून हलीव. दोन दिल्या की 'न्हाई' म्हून."

अक्षता पडेपर्यंत ही यंत्रणा झकास चालली. मग आली कानपिळी! नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळायची तंबी द्यायची, अशी आमच्याकडं रीत आहे. वैशालीचा भाऊ हणमंतराव, कोरेगावकडचा, लष्करात हवालदार. त्यानं माझा उजवा कान चिमटीत धरला आणि दुसऱ्या हातात माइक घेतला. (पुढचं संभाषण मी नंतर व्हिडिओत ऐकलं.)

"काय दाजी, माज्या भनीला तरास द्यायचा इचार हाय काय?"

आत्यानं एक ढुसणी दिली. दुसरी देणार, एवढ्यात फोटोग्राफरनं "मावशी, फ्रेममधनं बाजूला व्हा" म्हणत तिला ओढलं. मी हसऱ्या चेहऱ्यानं 'हो' म्हणून मान हलवली.

पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवरनं अर्धी उठली.

"आन् भांडून म्हायेरी धाडनार काय?"

घाबरलेली आत्या धावत आली, वायरीत पाय अडकून सगळी माझ्या पाठीवर आदळली. एकच, पण केवढी दणदणीत ढुसणी! मी आणखी जोरात मान हलवली. वर दातही दाखवले!

हणमंतरावानं कान पिळला. रीत म्हणून नव्हे, मनापासून! मी आ वासून बोंबललो, आणि त्या आ वासण्यात आतली नळी उघडली असावी. फट्! सगळा मांडव एकदम कानांत शिरला.

"मला ऐकूच येत नव्हतं वं!" मी माइकवरच रडकुंडीला येऊन ओरडलो. "कानात पाणी झालंय! मला हळदीची अ‍ॅलर्जी आहे!"

पहिल्या चार रांगांत सगळं मार्केट यार्ड बसलं होतं. आबांनी फेटा डोळ्यांवर ओढून घेतला.

"आमाला फसीवलं!" हणमंतराव बहिणीकडं वळला. "वैशे, तू बोल. न्हाई म्हनलीस तर आत्ताच्या आत्ता गाडी काढतो."

वैशालीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि ती शांतपणे म्हणाली, "अरे दादा, सोड त्यांचा कान. लग्न ठरायच्या आधी आम्ही दोन तास बागेत बसलो होतो. मी एकटीच बोलत होते, आणि हे माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होते. एकदा मध्ये बोलले नाहीत, एकदा मोबाईल काढला नाही. असा ऐकून घेणारा माणूस मिळतोय कुठं? तेवढ्यासाठीच तर मी होकार दिला!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मला अगदी स्वच्छ ऐकू आला, आणि मी आतून गार पडलो. ज्या एकमेव गुणासाठी तिनं मला पसंत केलं, तो माझा नव्हताच, कानातल्या पाण्याचा होता. आणि तिच्या भावानं आत्ताच माझे कान उघडले होते!