आडनाव तर एकच आहे ना

मी काढलेला फोटो भिंतीएवढा झालेला पहिल्यांदा पाहिला, तो एका बेटाच्या बंदरावर. नुकतीच बोटीतून उतरले होते. हातात बॅग, खांद्यावर तिपाई, आणि रात्रभर हेलकावे खाऊन झोप झाली नव्हती. बंदराच्या प्रतीक्षागृहात शिरले आणि समोर माझा डोंगर. काळाकुट्ट लाव्ह्याचा उतार, त्यावर ज्वालामुखीच्या वायूने मेलेली, पांढरी पडलेली झाडं, आणि डाव्या कोपऱ्यात नुकतं उगवलेलं गवत. ते गवत वाऱ्यात क्षणभर थांबावं म्हणून मी किती वेळ श्वास धरून उभी होते, ते माझं मला माहीत.

खाली एक पांढरी पट्टी होती. त्यावर जपानीत आमचं आडनाव, त्याच्यापुढे आदरार्थी 'सान' आणि पुढे 'यांच्या सौजन्याने'. बस.

"अरे वा! काय मस्त दिसतोय," नवरा म्हणाला.

"माझं नाव कुठंय?"

तो वाकला, चष्मा सरकवून पट्टी वाचली. "हे काय, आहे की. आडनाव तर एकच आहे ना."

आमची भांडणं पुष्कळ झाली आहेत, पण पाच शब्दांत एवढा राग मला कधी आला नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात तसं झालं. आणि हा माणूस शांतपणे त्या फोटोसमोर उभा राहून स्वतःचा सेल्फी काढत होता.

आता मी एवढी का चिडले, ते सांगायला हवं.

मोठा भूकंप होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा आम्ही जपानला आलो. ओळखीचे लोक बॅगा भरून परत निघाले होते आणि आम्ही बॅगा भरून येत होतो. नवरा ज्वालामुखीवर संशोधन करतो, त्याला त्सुकुबाच्या एका संस्थेत काम मिळालं होतं. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. राजीनामा दिला तेव्हा मुलींनी शुभेच्छापत्र दिलं होतं, त्यावर माझं नाव रंगीत खडूने, मोठ्या अक्षरात.

त्यानंतर ते नाव मी फारसं कुठे पाहिलं नाही. संस्थेतल्या लोकांसाठी मी अमक्यासानची ओकुसान, म्हणजे बायको. शेजारणींसाठीही ओकुसान. दवाखान्यात आडनाव पुकारतात. आम्ही दोघं बरोबर गेलो की दोघंही उठतो, आणि नर्स त्याच्याकडे बघते. घसा माझा बसलेला असतो. माझं पूर्ण नाव लिहिलेली एकच वस्तू या देशात होती, ती म्हणजे माझं रहिवासी कार्ड. ते पाकिटात असतं आणि बघायला कुणी मागत नाही.

कॅमेरा मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. वेळ जात नव्हता म्हणून घेतला, हे खरंच आहे. पण पहिल्या वर्षी नवऱ्याबरोबर त्या बेटावर गेले आणि वेळ घालवणं वगैरे संपलं. तिथे डोंगरावर त्याच्या संस्थेची यंत्रं पुरलेली आहेत, जमीन किती फुगते, किती बसते ते मोजणारी. दर शरद ऋतूत तो जाऊन त्यांच्या बॅटऱ्या बदलतो. बेट असं की खाली केळी, जास्वंद, बोगनवेल, दमट हवा, अगदी कोकणात उतरल्यासारखं वाटावं. आणि गाडी वर चढू लागली की एका वळणानंतर हिरवं संपतं आणि काळं सुरू होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांना वायूपासून वाचवणारा मुखवटा कमरेला बाळगावा लागायचा. गंधकाचा वास घशात बसतो आणि दोन दिवस जेवणालाही तोच वास येतो.

पहिल्या वर्षीचे माझे सगळे फोटो वाया गेले. काळा दगड पुष्कळ असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे. तो आपल्या मनाने उजेड वाढवतो आणि लाव्ह्याची चुलीतली राख होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन रडकुंडीला आले, पुस्तकं वाचली, मग दुसऱ्या वर्षी कॅमेऱ्याचं ऐकायचं सोडून दिलं. उजेड मुद्दाम कमी केला तेव्हा काळं काळं आलं, आणि त्या काळ्यावर पांढरी झाडं अशी उभी राहिली की मीच दचकले. वाऱ्याने तिपाई हलू नये म्हणून खाली बॅग लटकवायची, समुद्राच्या खाऱ्या हवेने काच धुरकटते म्हणून ती पुसत राहायची, ढग शिखरावरून उठेपर्यंत बसून राहायचं. दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच भिंगाने, तोच उतार. माझे पाय कुठे हवेत त्याच्या खुणेसाठी एक चपटा दगड ठेवला होता. मला तिथे हिरवं परत येताना बघायचं होतं, आणि ते एका फोटोत दिसत नाही, वर्षानुवर्षं तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

नवरा त्या वेळी पलीकडे यंत्राच्या पेटीत डोकं घालून बसलेला असायचा. त्याने स्वतः काढलेल्या फोटोंमध्ये त्याचा अंगठा हमखास येतो, हे आमच्या ओळखीतलं कुणीही सांगेल. म्हणून बेटाच्या नगर कार्यालयाने बंदरासाठी फोटो मागितला, तेव्हा त्याने माझाच फोटो पाठवला होता.

तर आम्ही त्या प्रतीक्षागृहात उभे असताना बेटाच्या नगर कार्यालयातला कर्मचारी आम्हाला न्यायला आला. मध्यमवयीन, अतिशय नम्र माणूस. दर वर्षी तोच गाडी घेऊन येतो. फोटोकडे हात करून त्याने नवऱ्याला वाकून नमस्कार केला. "आपला फोटो सगळ्यांना फार आवडतो."

नवरा म्हणाला, "छे छे, काही विशेष नाही."

हे ऐकून मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, "हा फोटो मी काढलाय."

त्या बिचाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग अपराधी चेहऱ्याने नवऱ्याला म्हणाला, "पण मी हिवाळ्यात फोन केला होता. फोटो कुणी काढला, नाव काय घालायचं, असं विचारलं होतं. आपणच म्हणालात, बायकोने काढलाय, हौस म्हणून काढते, नाव वगैरे नको. तरी काहीतरी लिहायला हवं म्हणून आडनाव घातलं."

मला तोपर्यंत वाटत होतं की हा कार्यालयाचा हलगर्जीपणा आहे. मनात तक्रारीची वाक्यं जुळवत होते, जपानीतली क्रियापदं शोधत होते. आणि कळलं काय, तर माझं नाव माझ्याच घरातून खोडलं गेलं होतं, बहुतेक मी आत पोळ्या करत असताना.

गाडीत आम्ही मागे बसलो. मराठीत भांडायचा फायदा असा की गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. आवाज मात्र कळत असावा, कारण त्याने रेडिओ लावला.

"तू नको म्हणालास?"

"अगं, मला वाटलं तो पुन्हा विचारेल."

"कोण?"

"तोच. एकदा नको म्हटलं की लगेच कुणी सोडून देतं का? दुसऱ्यांदा विचारलं असतं, 'नाही नाही, नाव तर हवंच,' असं म्हणाला असता, तर मी सांगितलंच असतं ना."

"तो जपानी कर्मचारी आहे, तुझी मावशी नाही. तुझ्या पानात आग्रहाने पोळी वाढायला बसला होता का तो?"

"आणि मी काय म्हणायचं होतं? माझी बायको फार उत्तम फोटो काढते, तिचं नाव मोठ्या अक्षरात लावा? इथे आपल्या घरच्यांबद्दल असं नाही बोलत. कमीच बोलतात. तूच म्हणतेस ना, इथल्या रीती शिक म्हणून."

आता यावर काय बोलायचं? एवढ्या वर्षांत या माणसाला ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वार पाठ झाले नाहीत. प्लास्टिकचा दिवस कुठला हे अजून मला विचारतो. पण घरच्यांना कमी लेखण्याची रीत मात्र बरोबर शिकला, आणि वर तिला आपल्याकडच्या आग्रहाची फोडणी दिली. आपण लाडू पुढे ठेवताना म्हणतो, जरा बिघडलेत हो, गोड मानून घ्या. ते मला कळतं. पण लाडू कुणी केले असं कुणी विचारलं तर करणारीचं नाव सांगतो की नाही?

"तुझ्या नावाला नको म्हण," मी म्हणाले. "तुझ्या पेपरांवरून काढून टाक. आडनाव तर एकच आहे."

तो खिडकीबाहेर बघू लागला. पेपरांचा विषय त्याला झोंबतो. मागच्याच महिन्यात एका पेपरच्या लेखकांच्या यादीत त्याचं नाव दुसरं येणार की तिसरं यावरून त्याची झोप उडाली होती, आणि मी त्याला रोज चहा करून देत धीर देत होते. ते आठवून मला आणखी राग आला.

त्या दिवशी मी वर गेले, चपट्या दगडावर पाय ठेवले, फोटो काढला. गवत आधीच्या वर्षीपेक्षा बरंच वर सरकलं होतं. त्याने नेहमीप्रमाणे हाक मारली, "झाला का गं फोटो?" मी तिपाई मिटून उतरायला लागले. बेटावरून निघायच्या आधी त्याने माझ्यासमोर त्या कर्मचाऱ्याला सांगितलं, फोटो बायकोचा आहे, कृपया पट्टी बदला. कर्मचारी पुन्हा पुन्हा वाकला, माफी मागितली, नक्की बदलतो म्हणाला.

मधल्या हिवाळ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने तो बंदरावरचा सेल्फी घरच्या ग्रुपवर टाकला होता. "काय सुरेख फोटो काढलाय रे! लहानपणापासून तुझी नजरच चांगली."

नवरा "अगं आई, तो..." एवढं म्हणेपर्यंत मी मध्येच म्हणाले, "आई, तो मी काढलाय."

"हो का? छान छान. तुमचं दोघांचं एकच गं ते."

मी फोन त्याच्या हातात दिला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी घासलेली भांडी फार स्वच्छ निघाली.

पुढच्या वर्षी पुन्हा बोट, पुन्हा रात्रभर हेलकावे, पुन्हा प्रतीक्षागृह. पट्टी खरोखर बदलली होती. नवीन, चकचकीत, आधीच्यापेक्षा मोठी. मी बॅग खाली न ठेवताच वाचली. आमचं आडनाव, सान, आणि पुढे 'यांच्या पत्नी'.

मला हसू आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण नाही आलं. मला रडू आलं, रागाचं. एवढी वर्षं वाऱ्यात उभी राहिले, गंधक गिळला, कॅमेऱ्याशी भांडले, तेव्हा कुठे एक चांगली गोष्ट हातून झाली. आणि तिच्याखाली मला काय मिळालं, तर माझ्या नवऱ्याचा पत्ता. नवऱ्यानेही वाचलं. या वेळी त्याने आडनावाबद्दल काही म्हटलं नाही, सेल्फीही काढला नाही. माझ्या खांद्यावरची तिपाई काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, एवढंच.

डोंगरावरची कामं झाल्यावर मी त्याला म्हटलं, कार्यालयात चल. तिथे तोच कर्मचारी होता. उठून वाकला, आम्हाला गार चहा दिला, आणि आपणहून विषय काढला. त्यांना या वर्षीचा फोटो जुन्या फोटोशेजारी लावायचा होता. हिरवं किती वाढलं ते पाहून बेटावरचे म्हातारे लोक तिथे थांबतात, त्यांना बरं वाटतं, असं म्हणाला. ते ऐकून मला मनापासून आनंद झाला, हेही सांगायला हवं. मग त्याने कागद पुढे ओढला आणि नवऱ्याला विचारलं, "या वेळी नाव काय घालू?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. "मला विचारू नका," तो म्हणाला. "फोटो यांचा आहे. यांना विचारा."

कर्मचारी माझ्याकडे वळला. मी माझं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. त्याने लिहून मोठ्याने वाचलं. एक अक्षर आखूड झालं होतं, ते मी लांब करून घेतलं. त्याने पुन्हा वाचलं. कॉलेज सोडल्यापासून परक्या माणसाच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"आणि आडनाव?" त्याने पेन कागदावर टेकवून विचारलं.

"आडनाव नको," मी म्हणाले.

नवरा कर्मचाऱ्याकडे बघत राहिला. हा पुन्हा एकदा विचारेल असं नवऱ्याला अजूनही वाटत असावं. कर्मचाऱ्याने "बरं," म्हणून पेनाला टोपण लावलं.