ओला टॉवेल काढा, त्रिकोणी काच फिरवा

मंडळी, माझ्या जुन्या गाडीला एसी नाही आणि मी बसवणारही नाही.

आज भर उन्हात रत्नागिरीहून चिपळूणला लग्नाला निघालो. बायकोने बजावलंच होतं, "साडी घामाने भिजली, तर ही गाडी विकायची." मागे पुण्याचा मेहुणा. त्याने बसल्याबसल्या ओला टॉवेल खिडकीत अडकवला.

"भावोजी, गारवा येतो. विज्ञान आहे!"

"आहे, पण ते पुण्याचं. आमच्या दमट हवेत टॉवेल वाळतच नाही, तर गारवा कुठून येणार? वर वारा अडतो."

ऐकेना. हातखंब्यापर्यंत गाडीचं मोदकपात्र झालं. शेवटी मी थांबून टॉवेल काढला. पुढच्या दाराची त्रिकोणी काच उलटी फिरवली, की वारा थेट अंगावर येतो. मागची पलीकडची काच चार बोटं उघडली, की कोंडलेली गरम हवा बाहेर पडते.

संगमेश्वर येईतो मेहुणा घोरत होता. चिपळूणला बायकोने उतरून साडी चाचपली. "राहू दे गाडी. पण अहो, मांडवात बढाया नकोत."

मांडवात गप्प बसलो. इथे बसणार नाही. ज्यांना शंका असेल, त्यांनी उद्या भर दुपारी माझ्या गाडीत बसावं. कोण येतंय?