हजेरीचा अर्धा गुण

हजेरीचा अर्धा गुण ही कल्पना माझी. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यावरून शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत अजून चर्चा चालते, असं निदान मी तरी लोकांना सांगतो.

मी शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. बुद्धिबळ मला पाच चालींपर्यंत उत्तम येतं. सहाव्या चालीपासून मी समोरच्याच्या चेहऱ्याचं रेखाटन करायला लागतो. पण दोन तालुक्यांतल्या शाळकरी पोरांसाठी हंगामभर गुणांची स्पर्धा चालवायची टूम निघाली, तेव्हा बाकीच्या समस्त मास्तरांना एकाच दिवशी पाठदुखी सुरू झाली आणि संयोजक, पंच, घंटा वाजवणारा आणि हरलेल्यांचं नाक पुसणारा अशी चारही पदं माझ्याकडे बिनविरोध आली.

आखणी सोपी होती. जुलै ते फेब्रुवारी, महिन्याला एक स्पर्धा, एकदा दौंडला, एकदा शिरूरला. दर वेळी पाच फेऱ्या. जिंकलं की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा. शेवटी आठ स्पर्धांची बेरीज.

जुलैत दौंडला इतकी पोरं आली, की दोघा-तिघांनी खिडकीच्या कट्ट्यावर पट मांडले. ऑगस्टला शिरूरला मोजून एकवीस. बाकीच्यांपैकी कुणाच्या मावसबहिणीची सुपारी फुटत होती, कुणाची म्हैस वेणार होती, आणि एका पोराच्या घरून निरोप आला की त्याचा उत्साह संपलाय. म्हणून मी फर्मान काढलं : नुसतं हजर राहिलं तरी अर्धा गुण, मागल्या तारखेपासून लागू. सप्टेंबरला दौंडचा हॉल पुन्हा भरला. मी आठवडाभर छाती फुगवून फिरत होतो. शर्टाची दोन बटणं त्यातच गेली.

शिरूरच्या स्पर्धा होत आप्पांच्या मंगल कार्यालयात. आप्पा म्हणजे साखर कारखान्याचे माजी संचालक. जागा फुकट, मिसळ फुकट, अट एकच, लग्नाची तिथी नसेल त्या रविवारीच पोरांनी यावं. त्यामुळे आमचं बुद्धिबळ पंचांग बघून चालायचं. मांडवाची झालर तशीच लटकलेली, टेबलांना साटीनची आवरणं, आणि पहिल्या पटाला मान म्हणून आप्पांनी नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या दिल्या. त्यांत बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि हात पटापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या फेरीपर्यंत पोरांनी त्या स्वतःच उचलून कोपऱ्यात लावल्या.

आप्पांचा नातू आठवीत. खेळायचा छान, पण त्याच्यापेक्षा आप्पा जास्त खेळायचे. त्यांना हत्ती तिरका जातो की सरळ हे शेवटपर्यंत कळलं नाही. गुण मात्र मतमोजणीसारखे तोंडपाठ. पहाटे सहाला फोन.

“मास्तर, दौंडची पोरगी कितीवर हाय?”

“आप्पा, परवाच सांगितलं की.”

“परवापासून काय फरक पडला का?”

“झोपेत कुणी खेळत नाही आप्पा.”

“आमचा खेळतो,” आप्पा म्हणाले, आणि हे खरं होतं. ऑक्टोबरच्या स्पर्धेला नातवाला ताप होता. आप्पांनी त्याला गोधडीत गुंडाळून आणलं. दर फेरीला ते त्याला उठवून बसवायचे, तो डोळे मिटूनच एक प्यादं पुढे सारायचा आणि पुन्हा साटीनवर आडवा व्हायचा. पाचही डाव हरला. हजेरीचा अर्धा गुण मात्र आप्पांनी माझ्यासमोर उभं राहून लिहून घेतला.

आणि दौंडची पोरगी म्हणजे नववीतली. आई ब्लाउज शिवते, गळ्यात मोजपट्टी घालूनच जन्माला आली असावी अशी बाई. पोरगी बोलायला अशी कंजूष, की शह देतानाही शब्द वाचवायची. सप्टेंबरात आईनं मला बाजूला घेतलं.

“सर, पुढल्या साली हिची दहावी. हंगामात पहिली आली तर दहावीतबी खेळंल, मी आडवी येणार न्हाई. न्हाई आली तर पट माळ्यावर. मग तुम्ही फोन करायचा न्हाई, हिनं रडायचं न्हाई.”

पोरगी शेजारीच उभी होती. तिनं मान हलवली. व्यवहार पक्का.

ऑक्टोबरच्या त्याच रविवारी मायलेकींची एसटी वाटेत बसली. त्या शिरूरला पोचल्या तेव्हा मी खुर्च्या गोळा करत होतो. तेवढी एक स्पर्धा तिची बुडाली. पुढच्या तिन्ही महिन्यांत ती असं खेळली, की दौंडच्या फलाटावरच्या गाड्या तिची चाल होईपर्यंत थांबायच्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीआधी, नातू एकतीसवर आणि ती साडेतीसवर. समोरासमोर तेच दोघं. तिला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तरी पट माळ्यावर.

आता, आमच्याकडे सत्काराशिवाय काहीही होत नाही. शाल आणणाऱ्याचा सत्कार होतो, मग ती शाल खरंच चांगली आहे असं म्हणणाऱ्याचा. त्या दिवशी प्रमुख पाहुणे अकराला यायचे ते तीनला आले आणि लगेच एका लग्नाला निघायचं म्हणाले. बाकीचे डाव संपले होते, एवढा एकच चालू होता. आप्पा स्टेजवरून ओरडले, “मास्तर, सत्कार उरकून घ्या! पहिल्या दोन नंबरच्या हस्ते!”

पोरीनं नुकतीच चाल करून घड्याळ दाबलं होतं. म्हणजे वेळ नातवाचा चालू. ती उठता उठता म्हणाली, “सर, घड्याळ थांबवू?”

“अगं, दोन मिनिटांचं काम,” मी म्हणालो. माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात ताट, काखेत शाल. विचार करायला अवयवच शिल्लक नव्हता.

पाहुण्यांचा सत्कार खरंच दोन मिनिटांत झाला आणि ते गेले. पोरगी खाली येऊन जागेवर बसली. नातूही निघाला होता, पण आप्पांनी एका हातानं त्याचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं माईक. विषय : विद्यार्थी जीवनात वेळेचं महत्त्व.

आप्पा वेळेवर बोलले. कारखान्याच्या गळीत हंगामाच्या वेळेवर बोलले. त्यांच्या लग्नात मुहूर्त कसा टळला त्यावर बोलले. नातू त्यांच्या पंजाखाली ससा पकडावा तसा वळवळत होता. “आप्पा... आप्पा, माझं...” “थांब रे, लोक ऐकतायत.” लोक मिसळ खात होते. पोरगी हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत होती. मीही बघायला हवं होतं. मी शालींच्या घड्या घालत होतो.

आप्पांनी एकदाचा जय महाराष्ट्र केला, नातू धावत आला आणि पटाजवळ येऊन खांबासारखा उभा राहिला.

“आप्पा, माझं घड्याळ पडलं.”

“पडलं तर उचल की!” आप्पा अजून माईकवरच होते.

घड्याळावर शून्य लुकलुकत होतं. हॉलमधले पंखेसुद्धा थांबले. वीज गेली होती म्हणा, पण वेळ अचूक साधली. वर्षभर मी घसा फोडून सांगत आलो होतो : वेळ संपली की डाव गेला, कुणाचंही ऐकणार नाही.

“सर, नियमानं मी जिंकले,” पोरगी म्हणाली. त्या वर्षातलं तिचं हे सगळ्यात लांब भाषण.

आप्पा स्टेजवरून उतरले. वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ते हळूच म्हणाले, “मास्तर, नियम काय म्हणतो ते सांगा. आम्ही मान्य करू.” असं म्हणून त्यांनी आपल्या कार्यालयाच्या छताकडे, आपल्या खुर्च्यांकडे आणि आपल्या मिसळीच्या पातेल्याकडे सावकाश पाहिलं.

मीही पाहिलं. मग पोरीच्या आईकडे पाहिलं. मग म्हणालो, “घड्याळ थांबवायचं काम पंचाचं. हिनं विचारलं होतं, मी नको म्हणालो. चूक माझी. मुलाला त्याचा वेळ परत मिळेल.”

“तुम्ही न्यायाधीश व्हायला पायजे व्हतं,” आप्पा म्हणाले. त्या एका वाक्यानं माझा खरेपणा निम्मा झाला.

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मिशी करपल्याचा वास आला. मग डाव पुढे सुरू झाला. आधी वजीर गेले, मग हत्ती, मग घोडे. एकेक प्यादं तिनं असं पुढे नेलं जसं भरल्या ताटातून कुणी पाणी नेतं. शेवटी पटावर दोन राजे उरले आणि दोघंही दमले होते. बरोबरी. साडेएकतीस आणि एकतीस.

आप्पांनी नातवाला खांद्यावर घेतलं, मग कमरेतून कळ आल्यावर खाली ठेवलं. मी गुणांचा तक्ता भिंतीवर लावला. पोरगी पिशवीत मोहरे भरत होती, एकेक मोजून. आई तक्त्यासमोर उभी राहिली, बराच वेळ.

“सर, खेळून किती ह्याचे? हजेरी सोडून सांगा.”

“साडेसत्तावीस.”

“आन् हिचे?”

मी बेरीज केली. पुन्हा केली. “साडेसत्तावीस.”

“मग ह्यो वरचा अर्धा कुठला?”

“हजेरीचा. ऑक्टोबरचा. तुमची एसटी बंद पडली त्या दिवसाचा.”

“तवा ह्यो पोरगा जिंकला व्हता?”

“नाही. तो... ताप होता त्याला. झोपला होता.”

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “झोपल्याचा गुण देता व्हय तुम्ही? माझ्याकडं ब्लाउज अर्धा इंच उसवला तर बाया दारात उभं राहून भांडत्यात. आन् तुम्ही गोधडीला अर्धा गुण दिला?” आप्पा जवळच होते, ते एकाएकी पातेलं किती उरलं ते बघायला गेले.

मी हजेरीचा गुण त्याच क्षणी रद्द करून टाकला. बाई म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही बघा. पट माळ्यावर जाणार न्हाई. माझी पोर हरली न्हाई, एसटी हरली. पण दहावीचं गणित बुडलं तर मी तुम्हाला धरणार. आता दर रविवारी दौंडला पोरांचा सराव ठेवा, आन् खेळ झाला की तासभर तुम्ही हिला शिकवायचं.”

“मी? अहो, मी चित्रकलेचा...”

“वर्षभर बेरजा कोण करत व्हतं?”

तेव्हापासून रविवारी डाव संपले की मी आणि ती बीजगणिताचं पुस्तक उघडून बसतो. मी आदल्या दिवशी आमच्या गणिताच्या मास्तरांकडून उदाहरणं समजून घेतो, दुसऱ्या दिवशी विसरतो, आणि मग ती मला समजावते. पहिले दोन महिने ती माझ्याशी बीजगणिताखेरीज अवाक्षर बोलली नाही. एका रविवारी, एक समीकरण माझ्याकडून तिसऱ्यांदा चुकल्यावर, तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“सर, खरं सांगा. तुम्ही त्याला वेळ परत दिला तो चूक कबूल केली म्हणून, का आप्पांना घाबरून?”

खोटं बोलायला मी कधी मागेपुढे पाहत नाही. पण ती त्या दिवशी घड्याळाकडे बघत होती तशीच माझ्याकडे बघत होती.

“दोन्ही,” मी म्हणालो.

“दोन्ही किती किती?”

मी पेन्सिल उचलली आणि मांडायला घेतलं. ती शेजारी सरकून, कुठे चुकतंय ते बघत बसली.