भारंगीचं पाणी

माझ्या बीएस्सी बॉटनीची माती कशी झाली, ऐकायचंय? मग चहा घ्या आणि बसा. मध्ये हसायचं नाही, आधीच सांगते!

ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात लोकांना रानफुलं दाखवायची माझी पहिलीच फेरी होती. वीस जण येणार होते. जमलं, तर दर रविवारचं काम माझं! आणि आदल्या दिवशी मला खोकला.

आमच्याकडे डोंबिवलीत माझी आत्या राहते. रिटायर्ड शिक्षिका. तिने बाजारातून भारंगी आणली. भारंगी म्हणजे जंगलातलं झुडूप. पावसाळ्यात त्याला फिकट निळी-जांभळी फुलं येतात, फांदीवर फुलपाखरं बसल्यासारखी. कोवळ्या पाना-फुलांची भाजी करतात. खोकल्याला चांगली, असं आत्या म्हणते. तिने ती उकडली आणि पाणी ओतायला मोरीकडे निघाली.

"अगं आत्या! सगळे औषधी गुण पाण्यात उतरले आणि तू ते फेकतेस?"

"कडू असतं ते. सगळेच फेकतात."

"सगळे करतात म्हणून करायचं! हेच तुमच्या पिढीचं!"

"बरं. मग पी."

आता माघार घेणार मी? अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला. काय सांगू तुम्हाला! जीभ कडू, घसा कडू, मला तर कानसुद्धा कडू लागले!

"कसं आहे?" आत्याने विचारलं.

"मस्त!"

"अरे वा! मग उरलेलं थर्मासमध्ये भरते. उद्या तुझ्या माणसांना देऊ. मीही येते बघायला."

स्वतःच्या तोंडाने "मस्त" म्हटलेलं. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी येऊरला भारंगीचं झुडूप दिसलं. मी जोरदार भाषण ठोकलं. मध्येच ठसका लागला. तेवढ्यात आत्याने थर्मास काढला.

"हा हिचा शोध बरं का!"

वीस जणांनी एकदम कागदी कप तोंडाला लावले. जंगलात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"ताई," एक काका हळूच म्हणाले, "हे प्यायचं होतं की लावायचं?"

वाटेने जाणारी पाड्यावरची एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं पोरी, खोकल्याला भारंगीचं मूळ घेतात! हे पाणी तर आम्ही टाकतो!"

बॉटनी माझी, मूळ त्या बाईला ठाऊक!

मग आत्याने पिशवीतून डबा काढला. पाणी पिळून, चणाडाळ घालून केलेली भारंगीची भाजी आणि भाकऱ्या. दोन मिनिटांत माझ्याभोवतीचे वीसच्या वीस जण तिच्याभोवती, आणि ती एकेक रानभाजी कशी ओळखायची ते सांगतेय!

संध्याकाळी फेरीच्या संयोजकांचा फोन आला. "अभिनंदन! दर रविवारचं पक्कं."

मी जवळजवळ उडीच मारली.

"फक्त आत्यांना विचारून सांगशील का, त्यांना किती वाजता जमेल?"

तेव्हापासून दर रविवारी येऊरला आत्या बोलते. मीही असते ना! थर्मास धरून. चहाचा.